खुब्याचं ऑपरेशन झालेली आई ऐन एप्रिलात घरी येते तेव्हा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. आई ७६ वर्षांच्या. नागपुरात मानेवाड्याच्या घरात पडून डाव्या खुब्याचं हाड मोडलं, अर्धा सांधा बदलला, म्हणजे सगळे ज्याला ‘बायपोलर’ म्हणतात ते ऑपरेशन झालं. बीपी आणि शुगर आधीपासून आहे. गुरुवारी सुट्टी मिळणार. घरी ८१ वर्षांचे बाबा. तुम्ही पुण्याला नोकरीला, दहा दिवसांची रजा काढून आलात. झोपायच्या खोल्या वर. खाली हॉल, स्वयंपाकघर आणि देशी संडास. नातेवाईक सांगतात, ‘महिनाभर अजिबात हलवू नका, पूर्ण आराम करू द्या.’ एप्रिल अर्धा सरलाय, ऊन चढतंय. घरी नेमकं काय करायचं?

नातेवाइकांचा सल्ला मायेपोटी आहे, पण तो आधी बाजूला ठेवा. हे ऑपरेशन करतातच मुळी म्हातारं माणूस लवकर उभं राहावं म्हणून. मोडलेलं हाड जेवढं नुकसान करतं त्याहून जास्त पडून राहणं करतं. छातीत कफ साचून न्यूमोनिया होतो, पोटरीच्या शिरेत रक्ताची गाठ होते, माकडहाडावर जखम पडते, लघवीत जंतू होतात, आणि मांडीचे स्नायू दिवसागणिक वितळत जातात. महिनाभर आराम दिला तर महिन्यानंतर उभं राहायला ताकदच उरत नाही.

आता एक गोष्ट, जिचा विचार घरचे सगळ्यात शेवटी करतात. आजारी बाई पाणी कमी का पितात? तहान नाही म्हणून थोडं, पण खरं कारण असतं ‘लघवीला उठवावं लागतं’. कोणाला तरी हाक मारा, त्यानं धरून न्यायचं, दुखतं, लाज वाटते. म्हणून त्या गुपचूप पाणी टाळतात. नागपूरच्या उन्हात चार दिवस असं चाललं की बीपी खाली येतं, उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते, शौचाला खडा होतो, लघवीला जळजळ होते, आणि पाचव्या दिवशी आई असंबद्ध बोलायला लागतात. घरचे म्हणतात ‘वय झालं’. सुरुवात झालेली असते ती संडास लांब असण्यापासून. म्हणून तयारी तिथूनच सुरू करा.

आईंना खालीच ठेवा, हॉलमध्ये. वरच्या खोलीचा आग्रह सोडा. जिना चढायचा सराव दोन-तीन आठवड्यांनी फिजिओथेरपिस्ट करून घेतील; तेव्हा लक्षात ठेवायला सोपं सूत्र आहे: चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी ऑपरेशनचा.

देशी संडासात उकिडवं बसणं आता बंद. बायपोलरनंतर मांडी पोटाकडे काटकोनापेक्षा जास्त वाकली तर नवा गोळा खोबणीतून निसटू शकतो. बाजारात कमोड खुर्ची मिळते: स्टीलची चौकट, मध्ये भोक असलेलं बसकं, खाली काढता येणारं भांडं. धंतोली, रामदासपेठ, मेडिकल चौकाकडच्या सर्जिकल दुकानांत ती विकतही मिळते आणि महिन्याच्या भाड्यानेही. घेताना तीन गोष्टी पाहा. चाकं नसावीत, असलीच तर चारही चाकांना ब्रेक हवा. दोन्ही हात पक्के असावेत, ढिले नकोत. आणि बसक्याची उंची १८ ते २० इंच, म्हणजे बसल्यावर आईंचे गुडघे खुब्याच्या पातळीच्या खाली राहतील इतकी. उंची वाढवता येणारी खुर्ची असेल तर चारही पायांची पिन एकाच भोकात बसली आहे ना, ते स्वतः तपासा. एक पाय एका भोकाने कमी राहिला तर खुर्ची डुगडुगते.

ही खुर्ची पलंगाच्या कडेलाच ठेवायची, तीन-चार पावलांवर, आणि हॉलमध्ये पडदा लावून घ्यायचा. दोरी आणि जुनी साडीसुद्धा चालेल. पण पडदा हवाच. येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर कमोडवर बसायला लागलं तर आई पाणी पिणारच नाहीत, मग तुम्ही कितीही सांगा. भांडं वापरलं की लगेच रिकामं करून धुवायचं. वासाची लाज हेही टाळण्याचं एक कारण असतं.

पलंगाची उंचीही तीच, गादीसकट १८ ते २० इंच. आपल्याकडचे दिवाण बरेचदा बुटके असतात. सुताराकडून पायाखाली खाच असलेले लाकडी ठोकळे बसवून घ्या. विटा लावू नका, त्या सरकतात. फोमची मऊ गादी नको, बसल्यावर खुबा खाली रुततो. खालच्या सोफ्यावर तर बसवूच नका. हात असलेली, ताठ पाठीची खुर्ची द्या आणि गरज पडली तर घट्ट उशी ठेवून ती उंच करा. प्लास्टिकची खुर्ची हलकी असते, जोर दिल्यावर मागे सरते. भिंतीला टेकवूनच ठेवा.

खालच्या न्हाणीघरात दांडा बसवायचा तर टॉवेलच्या दांड्यावर भरवसा नको, आणि रबरी चकतीने चिकटणारे दांडेही नकोत. स्टीलचा दांडा विटेपर्यंत ड्रिल करून अँकर बोल्टनेच बसवा, जमिनीपासून साधारण ३३ ते ३६ इंचांवर. बसवून झाल्यावर तुम्ही स्वतः पूर्ण वजनाने त्याला ओढून पाहा.

आता कूलर. नागपुरात वृद्धांसाठी घर सुरक्षित करायचं म्हटलं की मला आधी कूलरच आठवतो, कारण पायाखालचं पाणी आणि वाटेतली वायर, दोन्ही त्याच्यापायी येतात. खिडकीतल्या कूलरच्या खाली फरशीवर पाण्याची बारीक धार येते, ती पांढऱ्या टाइल्सवर दिसत नाही, आणि रात्री दोन वाजता अनवाणी पाय बरोबर तिथेच पडतो. कूलर पलंग ते कमोड या वाटेच्या विरुद्ध बाजूला लावा. वायर भिंतीच्या कडेने नेऊन चिकटपट्टीने पक्की करा. पाणी भरताना आधी प्लग काढायचा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. आणि अर्थिंग असलेला तीन पिनांचाच प्लग हवा. ओल्या कूलरच्या पत्र्यात उतरलेला करंट जिवावर बेततो. टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून घासा, नाहीतर त्यात डेंग्यूचे डास होतात.

कूलर चालू असताना समोरची खिडकी किंवा दार चार बोटं उघडं हवं. बंद खोलीत कूलर नुसता दमटपणा वाढवतो. वाळा सुकला, पंप बंद पडला आणि नुसता पंखा फिरत राहिला, तर ४३-४४ अंशांना तो गरम हवाच अंगावर फेकतो. दुपारी एकदा पंप पाहायचाच. झोत थेट अंगावर नको, पायांकडून यावा. आणि वादळी पावसात लाइट जातेच, म्हणून पलंगाशेजारी टॉर्च आणि वाटेत बॅटरीवर चालणारा मंद दिवा असू द्या.

पहिल्या दिवसापासून उठवायचं कसं, ते नीट पाहा, कारण घरच्या माणसांची चूक इथेच होते. आईंना पाठीवरून अर्धवट बसवा, दोन्ही पाय एकत्र पलंगाखाली सोडा. मांड्यांच्या मध्ये उशी राहू द्या, म्हणजे पाय एकमेकांवर येत नाहीत. कडेला बसल्यावर दोन मिनिटं थांबा. त्या दोन मिनिटांत पावलं वर-खाली दहा वेळा हलवायला सांगा. चक्कर नाही, डोळ्यांपुढे अंधारी नाही, अशी खात्री करा. मग ऑपरेशनचा पाय थोडा पुढे, दोन्ही हात पलंगावर दाबून उभं राहायचं. हात वॉकरवर ठेवून उभं राहायचं नाही. वॉकर ओढला जातो आणि त्याच्यासकट माणूस मागे कोसळतं. उभं राहिल्यावर मग वॉकर धरायचा. तुम्ही मागे नव्हे, ऑपरेशनच्या बाजूला थोडं मागे सरून उभ्या राहा, एक हात कमरेच्या पट्ट्याला किंवा साडीच्या घट्ट बांधलेल्या ओच्याला. काखेत हात घालून उचलू नका. खांदा निखळतो आणि तुमची पाठही जाते.

वॉकरची उंची: आई ताठ उभ्या असताना हात सरळ सोडला की मनगटाची घडी जिथे येते, तिथे वॉकरची मूठ. चालताना आधी वॉकर, मग ऑपरेशनचा पाय, मग चांगला. वॉकरच्या पायांची रबरी टोपणं घासली असतील तर बदला. किरकोळ किमतीची वस्तू आहे, पण टाइल्सवर तीच धरून ठेवते. पायात मागे पट्टा असलेली चप्पल. मोजे घालून चालणं नको.

रोज किती? सुरुवातीला दिवसातून पाच-सहा वेळा, प्रत्येक वेळी फक्त कमोडपर्यंत आणि परत. एवढंही खूप आहे. आठवडाभरात हॉलच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. जेवणं तिन्ही वेळा खुर्चीत बसूनच, अंथरुणात नाही. दुखतं म्हणून चालणं बंद करू नका; चालण्याआधी अर्धा-पाऊण तास पॅरासिटामॉल द्या, पण दिवसाला सगळं मिळून ३ ग्रॅमच्या आतच. पण पायावर किती भार द्यायचा हे सर्जननीच सांगायचं असतं. बायपोलरनंतर बहुतेकदा पूर्ण भार चालतो, तरी सुट्टीच्या कागदावर ते लिहून घ्या. ‘हळूहळू चालवा’ हे उत्तर पुरेसं नाही. त्याच वेळी आणखी चार गोष्टी लिहून घ्या: टाके कधी काढायचे (साधारण १२ ते १४ दिवसांनी), रक्त पातळ करणारं औषध किती दिवस, वाकण्या-वळण्याची बंधनं किती आठवडे, आणि शेवटचं हिमोग्लोबिन, सोडियम, क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) किती होतं.

रक्त पातळ करणारं औषध बहुतेकदा चार ते पाच आठवडे चालतं. घरी आल्यावर ‘जखम भरली’ म्हणून ते मध्येच सोडून देतात, आणि धोका तर तेव्हाही असतोच. पोटात टोचायचं इंजेक्शन असेल तर बेंबीपासून दोन इंच सोडून, रोज बाजू बदलून, आणि टोचल्यावर चोळायचं नाही. तयार सिरिंजमधला हवेचा छोटा बुडबुडा काढायचा नाही, तो तसाच असतो.

पडून राहिल्याने पाठीला होणाऱ्या जखमेबद्दल. दिवसा आई बसत-चालत असतील तर धोका बराच कमी होतो, रात्रीचं राहतं. दर दोन तासांनी कूस बदला. पूर्ण कुशीवर नको, पाठीमागे उशी लावून थोडं तिरकं. टाचा अधांतरी राहाव्यात म्हणून उशी पोटरीखाली ठेवा, टाचेखाली नाही. रोज सकाळी अंग पुसताना माकडहाड आणि दोन्ही टाचा उजेडात पाहा. लाल डाग दिसला तर बोटाने तीन सेकंद दाबून सोडा: दाबल्यावर फिका पडून परत लाल झाला तर ठीक, लालच राहिला तर ती जखमेची सुरुवात. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही. तिथे तो भाग आजूबाजूपेक्षा गरम, टणक किंवा गडद लागतो का ते हाताने पाहा. अशा जागी तेल लावून मालीश करणं हा आपल्याकडचा हमखास चुकीचा उपाय, आतली कातडी त्याने आणखी फाटते. मधे भोक असलेली रबरी रिंगसुद्धा नको. कडेने रक्तपुरवठा अडवते. हवेची गादी घेतली तर तिच्यावर एकच पातळ चादर. रेक्झिन, दुलई, चादर असे तीन थर टाकले तर गादीचा उपयोग शून्य आणि उन्हाळ्यात घामाने कातडी भिजते ती वेगळीच. लाइट गेली की ही गादी हळूहळू बसते, हेही लक्षात असू द्या.

आता पाणी, मीठ आणि भ्रम. यावर मी जरा जास्त लिहितो, कारण नागपूरच्या उन्हाळ्यात याच वळणावर वृद्ध पुन्हा हॉस्पिटलात पोचतात.

हृदय किंवा किडनीसाठी डॉक्टरांनी पाणी मोजून दिलेलं नसेल तर दिवसभरात सगळे पातळ पदार्थ मिळून दीड ते दोन लिटर पोटात जायला हवं. ‘आई, पाणी पी’ असं म्हणून ते होत नाही. दीडशे मिलीचा एक ठरलेला पेला घ्या आणि सकाळी सातपासून संध्याकाळी सातपर्यंत दर तासाला एक, अशी वेळ लावा. त्यात ताक, वरणाचं पाणी, आंबील, कमी गुळाचं पन्हं, सगळं धरा. सातनंतर घोट-घोट. लघवी गडद पिवळी दिसली की कमी पडतंय.

पण नुसतं साधं पाणीच भरपूर पाजणं, जेवणात मीठ जवळपास बंद आणि वर बीपीची पाणी काढणारी गोळी, हे तिन्ही एकत्र आलं की रक्तातलं सोडियम घसरतं. आईंच्या बीपीच्या गोळीच्या नावापुढे ‘एच’ आहे का, किंवा पट्टीवर हायड्रोक्लोरोथायाझाइड, क्लोरथॅलिडोन असं लिहिलंय का, ते पाहा. असेल तर डॉक्टरांना मुद्दाम विचारा: उन्हाळ्यात ही चालू ठेवायची का, मात्रा तीच का? शुगरच्या गोळ्यांत डापाग्लिफ्लोझिन असेल तर तीही लघवीवाटे पाणी काढते. स्वतःच्या मनाने काही बंद करू नका. पण घरी आल्यावर सात ते दहा दिवसांनी सोडियम, पोटॅशियम, क्रिएटिनिन तपासून घ्या. सोडियम १३५ ते १४५ ठीक. १३०च्या खाली गेलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. १२५च्या खाली किंवा गुंगी असेल तर दवाखाना. सलाईन घरी लावून घेऊ नका; फार झपाट्याने सोडियम वाढवलं तर मेंदूला इजा होते.

बीपी एकदा आडवं असताना मोजा, मग उभं राहिल्यावर एक आणि तीन मिनिटांनी. वरचा आकडा २० किंवा जास्त घसरला तर तो आकडा लिहून डॉक्टरांना दाखवा. पुढचं पडणं त्यातच लपलेलं असतं.

ओआरएस लागलंच तर एक लिटरचं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच विरघळवायचं आणि चोवीस तासांत संपवायचं. अर्धं पाकीट पेल्यात टाकून अंदाजे देणं चूक. डब्यातली फळांच्या चवीची गोड पेयं म्हणजे ओआरएस नव्हे. शुगरच्या माणसाला ती नकोतच.

भ्रम म्हणजे असं: संध्याकाळपासून आई वेगळंच बोलू लागतात, माहेरी जायचं म्हणतात, भिंतीवर कोणी दिसतं, रात्री अंथरुणातून उतरू पाहतात. पण याचं दुसरं रूप शांत असतं. त्या दिवसभर गुंगीत, हाक मारली तर ‘हो’ म्हणून पुन्हा डोळे मिटतात, घास तोंडातच धरून ठेवतात. घरचे म्हणतात, आज छान झोपल्या. हा शांत भ्रम जास्त घातक, कारण तो कोणी दाखवायला नेत नाही. दोन्हींत क्रम ठरलेला: आधी ग्लुकोमीटरने शुगर पाहा. ७०च्या खाली असेल आणि गिळता येत असेल तर तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. ऑपरेशननंतर खाणं निम्मं होतं आणि ग्लिमेपिराइडसारखी शुगर उतरवणारी गोळी पूर्वीच्याच मात्रेत चालू राहते, हे सर्रास घडतं. मग ताप पाहा. लघवी शेवटची केव्हा झाली, बेंबीखाली फुगलंय का, शौच किती दिवस नाही, ते पाहा. शेवटी औषधं: दुखण्यावरचं ट्रामाडॉल, झोपेसाठीचं अल्प्राझोलाम, सर्दी-खोकल्याच्या सिरपमधलं क्लोरफेनिरामिन, हे सगळे भ्रमाला हातभार लावतात. झोपेची गोळी स्वतःहून देऊ नका. खोलीत घड्याळ, कॅलेंडर, दिवसा भरपूर उजेड, चष्मा डोळ्यांवर, कानाचं यंत्र कानात. वाद घालू नका, हात धरून बसा. त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला.

ऊन लागणं वेगळं. अंग तापलेलं, थर्मामीटर १०४च्या पुढे आणि माणूस बरळतंय किंवा शुद्ध हरपतेय, तर पॅरासिटामॉलचा काही उपयोग नाही आणि खिशातल्या कांद्याचाही नाही. १०८ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत अंगावरचे कपडे सैल करून ओल्या चादरीवर पंख्याचा झोत द्या, मान, काखा, जांघेत बर्फाच्या पिशव्या ठेवा. शुद्धीवर नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नका.

जेवणाचं थोडक्यात. जखम भरायला आणि स्नायूंना प्रथिनं लागतात: ५० किलो वजनाला दिवसाला साधारण ६० ग्रॅम, किडनीचा आजार नसेल तर. एक वाटी पातळ वरणात चार-पाच ग्रॅमच असतात, हे बहुतेकांना माहीत नसतं. नुसता वरण-भात पुरत नाही. अंडं खात असतील तर दोन अंडी, दोन पेले दूध, ५० ग्रॅम पनीर, मूठभर भाजलेल्या चण्यांचं पीठ ताकात कालवून, घट्ट वरण, असं दिवसभर पसरवा. इसबगोल द्यायचा तर पेलाभर पाण्यासोबतच. कमी पाण्यात तो उलट आतड्यात अडकतो.

दुखण्यासाठी पॅरासिटामॉल, दिवसाला सगळं मिळून ३ ग्रॅमच्या आत. दुकानातून डायक्लोफिनॅक, एसिक्लोफिनॅक आणू नका. बीपीच्या गोळ्या, कमी पाणी आणि ही गोळी एकत्र आली की किडनीवर बसतं. आणि व्हिटॅमिन डीचं ६०,००० युनिटचं कॅप्सूल आठवड्यातून एकदाच असतं. ते रोज घेतलं जातं, ही चूक खूप घरांत होते. डबीवर मोठ्या अक्षरात ‘फक्त रविवार’ लिहा.

मदतनीस बाईंबद्दल. ब्यूरोतून येणाऱ्या मावशी म्हणजे नर्स नव्हे. इंजेक्शन, ड्रेसिंग त्यांच्याकडे सोपवू नका. ठरवताना आधार कार्डाची प्रत, पोलीस पडताळणी, सुट्टीच्या दिवशी बदली कोण, हे लेखी घ्या. चोवीस तासांची एकच बाई रात्री जागी राहू शकत नाही. पहिले दहा दिवस दिवसा एक आणि रात्री एक अशा दोघी ठेवा, किंवा रात्र तुम्ही घ्या. पहिल्या दिवशी तुमच्यासमोर त्यांच्याकडून तीनदा आईंना उठवून-बसवून घ्या. तोंडी सांगून ते जमत नाही.

बाबांना उचलायला लावू नका. ८१ वर्षांच्या माणसाने ५० किलोचा भार पेलला तर आठवड्याभरात दुसरा पलंग लागेल. पण त्यांना नुसतं बाजूलाही बसवू नका. वही त्यांच्याकडे द्या: वेळ, किती प्यायल्या, लघवी, शौच, किती वेळा चालल्या, बीपी-शुगर. तुम्ही पुण्याहून संध्याकाळी फोन केला की ‘बरी आहे’ ऐकण्याऐवजी वही वाचून घ्या. त्यांच्या स्वतःच्या गोळ्या चुकत नाहीत ना, तेही त्याच फोनवर विचारा. २०११च्या जनगणनेतच साठीपुढची माणसं देशात दहा कोटींवर होती. घरात दोघंच म्हातारे आणि मुलं बाहेरगावी, हे चित्र आता नागपुरात गल्लोगल्ली आहे. या घरांत सेवा करणाऱ्याकडे कोणाचं लक्ष नसतं.

तातडीने न्यायची लक्षणं: अचानक दम लागणं किंवा छातीत दुखणं; एकच पोटरी सुजून दुखणं; जखमेतून पाणी-पू, वाढती लाली, ताप; अचानक कळ येऊन पाय आखूड किंवा फिरलेला दिसणं. शेवटच्यात उभं करू नका, आहे तसं झोपवून १०८ बोलवा. पायाचा प्रश्न असेल तर जिथे ऑपरेशन झालं तिथेच न्या. बाकीच्यात जवळचं मोठं: मानेवाड्याहून मेडिकल, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं हॉस्पिटल, जवळ आहे, मिहानच्या एम्सला वेळ लागेल. फाइल, औषधांची यादी आणि आधार कार्ड एकाच पिशवीत दाराजवळ टांगा.

पैशांचं एकच सांगतो. ७० वर्षांवरच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, ऑक्टोबर २०२४पासून. घरातल्या सत्तरीपुढच्या सगळ्यांना मिळून वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार, यादीतल्या हॉस्पिटलात भरती झाल्यावर. आयुष्मान ॲपवर आधारच्या आधारे होतं. मावशींचा पगार आणि कमोड खुर्ची त्यात बसत नाही. तुमच्या रजेतच दोघांचीही कार्डं काढून ठेवा. ऐन वेळी बाबांना ओटीपी शोधत बसावं लागू नये. सल्ला, तक्रार किंवा आधार हवा असेल तर ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन १४५६७, सकाळी ८ ते रात्री ८.

राहिलं एक, जे बहुतेक ठिकाणी राहूनच जातं. साधं घरात पडून खुबा मोडला याचा अर्थ हाडं ठिसूळ झाली आहेत. सांधा बदलला, ठिसूळपणा तसाच आहे, आणि दुसरा खुबा, मणका, मनगट त्याच रांगेत उभे आहेत. तरी सुट्टीच्या कागदावर कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डीच्या पुढे काही नसतं. सर्जनना सरळ विचारा: ठिसूळ हाडांचं औषध कधी सुरू करायचं? वर्षातून एकदा शिरेतून दिलं जाणारं झोलेड्रोनिक ॲसिड ५ मिलिग्रॅम हा एक पर्याय. तो ऑपरेशननंतर किमान दोन आठवडे सोडून, व्हिटॅमिन डी भरून काढल्यावर आणि किडनीची तपासणी पाहूनच देतात. दुखरा दात असेल तर तो आधी दाखवून घ्या. सहा आठवड्यांची तपासणी तुमच्या हिशेबाने मे अखेरीस, ऐन नवतप्यात, म्हणजे उन्हाळ्याच्या सगळ्यात कडक नऊ दिवसांत येईल. सकाळी आठ-नऊची वेळ मागून घ्या. झोलेड्रोनिक ॲसिडचं सलाईन तेव्हा लावायचं ठरलं तर त्याच्या आदल्या दिवसापासून पाण्याची वही काटेकोर भरा. त्या रात्री ताप आणि अंगदुखी येऊ शकते, ती दोन-तीन दिवसांत जाते, पॅरासिटामॉल चालतं. त्या दोन दिवसांत आईंना एकटं उठू देऊ नका.